नियम लिहिणाऱ्याचा फोन

माझ्या धंद्याचं नाव सांगितलं की समोरचा माणूस एकदा मान हलवतो आणि विषय बदलतो. मी संस्थांसाठी माहिती सुरक्षेची धोरणं आणि मानकं लिहितो. म्हणजे काय, हे मावशीला समजावताना मी एकदा म्हणालो होतो की घराला कुलूप लावायचंच, हे ठरवणं म्हणजे धोरण. आणि कुलूप कसलं, किल्ली कुणाकडे, हरवली तर काय, हे ठरवणं म्हणजे मानक. मावशीनं शांतपणे ऐकून घेतलं. तेव्हापासून ती सगळ्यांना सांगते की भाच्याचा कुलपांचा धंदा आहे आणि बरा चाललाय. एका लग्नात तिच्या ओळखीच्या गृहस्थांनी मला बाजूला घेऊन दुकानाच्या शटरचा भाव विचारला होता.

बायकोची व्याख्या आणखी सुटसुटीत आहे. "हे नियम लिहितात," ती सांगते, "घरी पाळत नाहीत." आमच्या वाय-फायचा पासवर्ड कितीतरी वर्षं आमचं आडनाव आणि त्यापुढे एक-दोन-तीन असा होता, हेही ती पाहुण्यांना सांगते. पाहुण्यांना तो लागतोच, त्यामुळे माझी अब्रू दर पाहुण्यामागे एकदा जाते.

या धंद्यात मी आलो तो लांब वाक्यांच्या जोरावर. पहिली नोकरी एका विमा कंपनीच्या कम्प्युटर विभागात होती. कुणाचा प्रिंटर अडकला, कुणाचा माउस हलेना, अशी कामं. एकदा बाहेरचे तपासनीस येणार होते आणि कंपनीकडे माहिती सुरक्षेचं लेखी धोरण असायला हवं होतं. ते नव्हतं. साहेबांनी विभागात येऊन विचारलं, लिहील कोण? सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी नेमका वर बघत होतो, कारण पंखा आवाज करत होता. काम माझ्या गळ्यात पडलं.

मी जे लिहिलं त्यातलं पहिलं वाक्य मला अजून पाठ आहे. 'संस्थेच्या माहितीशी प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष संबंध येणाऱ्या, येऊ शकणाऱ्या अथवा येईल असे वाजवीरीत्या मानता येईल अशा प्रत्येक व्यक्तीने...' क्रियापद पुढच्या पानावर होतं. तपासनिसांनी फाइल हातात घेतली, वजन केल्यासारखी खालीवर केली, काम चांगलं झालंय म्हणाले आणि न उघडता परत ठेवली. त्या दिवशी मला वाटलं, आपल्याला आपली वाट सापडली.

पुढे नोकरी सोडून मी स्वतंत्रपणे हेच करू लागलो. रंगाचे कारखाने, शाळा, मालवाहतूक करणाऱ्या कंपन्या. प्रत्येकाला जाडजूड फाइल हवी असे आणि माझ्याकडे शब्दांची ददात नव्हती. लोक वाचत नाहीत हे मला माहीत होतं. पण वाचत नाहीत म्हणजे चुकाही काढत नाहीत, ही सोय मला आवडत असावी.

आता बाबांबद्दल सांगायला हवं. बाबा बसचालक होते. निवृत्त झाले, आई गेली, तरी ते आमच्याकडे राहायला आले नाहीत. आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून, पहिल्या मजल्यावरच्या त्यांच्या जुन्या घरातच राहिले. त्यांच्या इमारतीखाली एक सलून आहे. सलूनवाला माझ्याच वयाचा, कमी बोलणारा. बाबा रोज सकाळी तिथे जाऊन बसायचे, पेपर वाचायचे आणि गिऱ्हाइकांशी रस्त्यांबद्दल वाद घालायचे. डोक्यावर केस म्हणावेत तर मोजायला बोटं पुरली असती. तिथे जाण्याचं कारण केस नव्हतं.

आई गेल्यावर महिनाभरात बाबांना एकदा चक्कर आली होती. मी तेव्हा काय केलं? एक कागद टाइप केला. 'एकट्या ज्येष्ठ व्यक्तीच्या दैनंदिन सुरक्षिततेबाबत मार्गदर्शक सूचना' असं त्याचं नाव. गोळ्या कधी, जिना कसा उतरायचा, गॅस कुणी बघायचा, फोन कुठे ठेवायचा, सगळं कलमवार. खाली सहीसाठी जागा सोडली. बाबांनी चष्मा लावून ते वाचलं, झोकात सही केली, कागद फ्रिजवर लावला आणि त्यातलं एकही कलम पाळलं नाही. माझ्या आजवरच्या गिऱ्हाइकांपेक्षा ते वेगळे वागले असं म्हणता येणार नाही.

त्यानंतर काही वर्षांनी आमच्याच भागातल्या एका छोट्या हॉस्पिटलचं काम माझ्याकडे आलं. त्यामागचं कारण हसण्यासारखं नव्हतं. हात मोडलेली एक बाई तिथे दाखल होती. काउंटरवर फोन आला. फोनवरचा माणूस रडवेल्या आवाजात म्हणाला, मी तिचा भाऊ, बहीण कुठे आहे कळत नाही. काउंटरवरच्या माणसाला दया आली. त्यानं मजला सांगितला, खिडकीजवळची खाट हेही सांगितलं. थोड्या वेळानं जो आला तो भाऊ नव्हता. तो तिचा नवरा होता आणि हात त्यानंच मोडला होता. वॉर्डातल्या दोन आया दारात आडव्या उभ्या राहिल्या म्हणून पुढचं टळलं. पण ती बाई त्याच संध्याकाळी, उपचार अर्धे टाकून, ओल्या प्लास्टरनिशी निघून गेली. कुठे गेली ते कुणालाच कळलं नाही.

हे ऐकून मी खरोखर मनापासून लिहिलं. मनापासून लिहिलं म्हणजे नेहमीपेक्षा जास्त लांब लिहिलं. मसुदा घेऊन मी बैठकीला गेलो. तिथे हॉस्पिटलच्या मोठ्या सिस्टर होत्या, म्हणजे सगळ्या परिचारिकांच्या प्रमुख. सडसडीत बाई, बोलताना पेनाचं टोपण काढायच्या आणि लावायच्या. त्यांनी चार पानं चाळली.

"फोन वाजतो तेव्हा माझ्या मुलींचा एक हात कामात असतो आणि दुसऱ्या हातात फोन," त्या म्हणाल्या. "तुमचं कलम शोधायला तिसरा हात कुठून आणू?"

मला मिरच्या झोंबल्या, पण म्हणणं खोडता येईना. शेवटी काउंटरसाठी वेगळं एक पान करायचं ठरलं. दाखल होताना पेशंटला विचारायचं, तुमची माहिती कुणाला द्यायची? तो एका माणसाचं नाव सांगेल आणि एक शब्द सांगेल, कुठलाही. तो शब्द त्यानं त्या माणसाला सांगून ठेवायचा. फोनवर जो शब्द सांगेल त्यालाच माहिती. बाकी कुणालाही, असा पेशंट इथे आहे की नाही, एवढंसुद्धा सांगायचं नाही. शब्द चुकीचा सांगणाऱ्याला तीन वेळा संधी, मग फोन ठेवायचा.

सिस्टरना शेवटचा भाग कठोर वाटला. "आईचा फोन आला तरी नाही सांगायचं?" त्यांनी विचारलं.

"आईचा आवाज कुणालाही काढता येतो," मी म्हणालो.

हे वाक्य मला स्वतःलाच इतकं आवडलं की पुढे मी ते भाषणांमध्ये वापरू लागलो. हो, मी भाषणंही देऊ लागलो होतो. हॉस्पिटलचं काम नावाजलं गेलं आणि मला इकडून तिकडून बोलावणी येऊ लागली. विषय एकच, ठक कसा ओळखावा. पडद्यावर मी चार ओळी दाखवत असे. ठक घाई करतो. ठक भावनेला हात घालतो. ठक गोड बोलतो. ठक आपला अधिकार सांगतो. प्रत्येक ओळीला नाटकीपणे थांबत असे. अंगापेक्षा बोंगा मोठा झाला होता.

अशाच एका भाषणासाठी मी दुसऱ्या शहरात गेलो होतो. दुपारच्या सत्रात बोलायचं होतं. जेवणाच्या रांगेत उभा असताना बाबांच्या शेजारणीचा फोन आला. बाबा जिन्यात पडले, सलूनवाल्यानं त्यांना रिक्षात घालून हॉस्पिटलमध्ये नेलं, एवढंच तिला माहीत होतं. शुद्धीत होते का, ते तिनं पाहिलं नव्हतं. मी सलूनवाल्याला फोन लावला. फोन बंद. बायकोला लावला. ती प्रयोगशाळेत काम करते, तिथे फोन कपाटात ठेवून आत जावं लागतं. असले नियम कोण करतं, असं तेव्हा माझ्या मनात आलं, आणि उत्तर माहीत असल्यामुळे मी ते मनातच दाबलं.

मग मी आमच्या भागातल्या त्याच हॉस्पिटलला फोन लावला; जवळचं तेच होतं. काउंटरवरच्या मुलीचा आवाज शांत होता. मी बाबांचं नाव सांगून विचारलं, ते कसे आहेत?

"आपण शब्द सांगू शकाल का?" ती म्हणाली.

बाबा तिथे होते की नव्हते, जिवंत होते की नव्हते, हे त्या मुलीला ठाऊक होतं, मला नव्हतं, आणि आमच्या मध्ये मी स्वतः लिहिलेलं पान होतं.

मी म्हणालो, मी त्यांचा मुलगा आहे. ती म्हणाली, शब्द सांगा. मी आईचं नाव सांगितलं. ती म्हणाली, माफ करा. मी बाबांच्या जुन्या बसचा मार्ग क्रमांक सांगितला. माफ करा. लहानपणी आमच्याकडे एक कुत्रा होता, त्याचं नाव सांगितलं. तिसरी संधी संपली. ती फोन ठेवणार तोच मी बोलत सुटलो.

यानंतर मी जे केलं ते क्रमानं सांगतो, कारण तोच क्रम माझ्या पडद्यावर होता. आधी मी घाई केली; म्हणालो, माझ्याकडे वेळ नाही, लवकर सांगा. मग माझा आवाज भरून आला, आणि तो खरोखरच आला होता. मग मी गोड बोललो. तुमच्यासारखी समजूतदार मुलगी माझी अडचण समजून घेईल, असं काहीतरी पुटपुटलो. ती तिन्ही वेळा तेच वाक्य म्हणाली, 'अशा कुठल्याही व्यक्तीबद्दल आम्ही माहिती देऊ शकत नाही.' त्या वाक्यातला 'कुठल्याही' हा शब्द मी बैठकीत हट्टानं घालून घेतला होता.

शेवटी मी हुकमाचा पत्ता काढला. "अहो, हा नियम मी लिहिलाय," मी म्हणालो.

"त्याच पानावर खाली लिहिलंय सर," ती म्हणाली, "कुणी अधिकार सांगून माहिती मागितली तर जास्त सावध राहावं." आणि तिनं फोन ठेवला.

आपलेच दात, आपलेच ओठ. रांगेतला माझ्यामागचा माणूस मला म्हणत होता की ताट घ्या, पुढे सरका.

मी भाषण सोडून निघालो. आयोजकांना घरची अडचण सांगितली. त्यांनी माझ्याऐवजी माझा पडदाच लोकांना दाखवला म्हणे, आणि सत्र छान झालं. परतीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसलो. खिशातून पेन काढलं आणि भाषणाच्या पत्रिकेमागे लिहायला लागलो. हॉस्पिटलकडे करायची तक्रार. जवळच्या नात्याला अपवाद असावा, एक. अपवादाची पडताळणी अशी, दोन. बस हिंदकळत होती आणि मी लिहीतच होतो. पत्रिका भरली तेव्हा तिकिटाच्या मागे लिहिलं. वाचून पाहिलं तर एकही कलम असं नव्हतं, जे त्या मोडक्या हाताच्या बाईच्या नवऱ्यालाही उघडता आलं नसतं. नवरा हेसुद्धा नातंच होतं.

हॉस्पिटलला पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं. दारावरच्या पहारेकऱ्यानं अडवलं. आत मोठ्या सिस्टर दिसल्या. त्यांनी मला पाहिलं आणि ओळखलं. मी तुमच्या घरी चहा प्यायलोय अशा थाटात पुढे सरकलो, तर त्यांनी हाताचा तळवा दाखवला, थांबा. त्या आत गेल्या आणि परत आल्या.

"विचारलं त्यांना," त्या म्हणाल्या. "पाठवा म्हणाले. पण जरा वेळानं. दाढी चालू आहे."

मी तिथल्या बाकड्यावर बसलो आणि हसू की रडू ते न कळून दोन्ही थोडं थोडं केलं. दाढी चालू आहे म्हणजे माणूस जिवंत आहे.

आत गेलो तेव्हा बाबा उशीला टेकून बसले होते, छातीला वायरी, गळ्यात टॉवेल. सलूनवाला बॅटरीवरचं मशीन पुसून पिशवीत ठेवत होता. हृदयाचे ठोके मंद पडत होते, म्हणून चक्कर. दुसऱ्या दिवशी छातीत पेसमेकर बसवायचं ठरलं होतं. हे मला सलूनवाल्यानं सांगितलं, आणि तेही आधी बाबांकडे बघून, त्यांनी मान हलवल्यावर. त्याचा फोन बंद का होता, असं मी जरा वरच्या पट्टीत विचारलं. वॉर्डात बंद ठेवायचा असं पाटीवर लिहिलंय, तो म्हणाला. ती पाटी माझी नव्हती, पण असू शकली असती.

तो चहा आणायला बाहेर गेला. मी बाबांच्या खाटेजवळ स्टूल ओढलं.

"बाबा, तुम्ही माझं नाव नाही दिलंत."

"विचारलं त्यांनी, कुणाला कळवायचं," बाबा म्हणाले. "मी म्हटलं, जो घाबरणार नाही त्याला."

"मी घाबरतो?"

"तू घाबरलास की लिहायला बसतोस."

माझ्या शर्टाच्या खिशातून पत्रिकेचा कोपरा बाहेर डोकावत होता, सगळ्या बाजूंनी लिहिलेला. बाबांनी तो पाहिला. मला आईच्या नंतरचा तो महिना आठवला. बाबा तेव्हा संध्याकाळी दिवा न लावता बसत, आणि मी त्यांच्याजवळ बसायचं सोडून घरी जाऊन फ्रिजवर लावायचा कागद टाइप करत होतो. मार्गदर्शक सूचना. मी पेन खिशातून काढून पिशवीत टाकलं. मग दोघं बराच वेळ समोरच्या पेशंटच्या टीव्हीवरचा, आवाज बंद केलेला, फुटबॉलचा सामना बघत बसलो. कोण कुणाविरुद्ध खेळतंय, दोघांनाही माहीत नव्हतं. बाबांनी माझा हात आपल्या हाताखाली घेऊन ठेवला, गाडीचा गिअर धरतात तसा.

मध्येच मी विचारलं, शब्द कोणता दिला होता?

"तो सांगायचा नसतो," बाबा म्हणाले. "नियम आहे."

दुसऱ्या दिवशी पेसमेकर बसला, नीट बसला. बाबा शुद्धीवर आले आणि जेवण बेचव आहे म्हणाले, तेव्हा मी खाली काउंटरकडे गेलो. मोठ्या सिस्टर तिथेच होत्या. मी तक्रार करणार असं त्यांना वाटत होतं आणि त्या तयारीत होत्या. मी काही म्हणायच्या आत त्यांनी सांगितलं की त्याच आठवड्यात आणखी एका माणसाचे फोन येत होते, दुसऱ्या एका पेशंटसाठी. तोही रडला होता, चिडला होता, ओळखी सांगत होता. त्या पेशंटनं विनवून सांगितलं होतं की काही झालं तरी त्याला कळू देऊ नका.

"तुमचा फोन आणि त्याचा फोन," त्या म्हणाल्या, "माझ्या मुलीला सारखेच वाटले. ती नंतर आत जाऊन रडली. तुम्ही खरे असाल असं तिला वाटत होतं."

ती मुलगी काउंटरमागेच होती. मी तिची माफी मागितली आणि नियम पाळल्याबद्दल आभारही मानले, आणि दोन्ही एकाच वाक्यात केल्यामुळे ते वाक्य लांबलं. ती संकोचून हसली.

मग आम्ही तिघं ते पान घेऊन बसलो. नाही म्हणायचं ते बरोबरच होतं, पण नाही म्हटल्यावर माणसाला अधांतरी सोडायचं, हे मी लिहिलं होतं. त्याऐवजी काय करता येईल? मी सांगायला लागलो की, ज्या प्रसंगी दूरध्वनी करणारी व्यक्ती निर्धारित शब्द सांगण्यास असमर्थ ठरेल त्या प्रसंगी, आणि सिस्टरनी पेनाचं टोपण लावलं. मी थांबलो. पुन्हा सुरुवात केली. शेवटी जे ठरलं ते असं: 'तुमचं नाव आणि नंबर सांगा. अशा नावाचं कुणी इथे असेल, तर त्यांना निरोप देऊ.' पेशंटनं हो म्हटलं तर काउंटरवरून फोन जाईल, नाही म्हटलं तर जाणार नाही. फोन करणाऱ्याला पेशंट आहे की नाही हे कळत नाही, पण आपलं नाव कुठेतरी पोचेल एवढं कळतं. मला बसमध्ये तेवढंही पुरलं असतं.

हे सगळं एका पानात मावलं. मी बिल पाठवताना क्षणभर विचार केला की इतक्या कमी शब्दांचे पैसे मागावेत का. मागितले. शेवटी धंदा आहे.

आता कुठलंही काम घेतलं की लिहिण्याआधी मी एक दिवस त्यांच्या काउंटरवर बसतो. याचा अर्थ मी शहाणा झालो असा नाही. एका गोदामात मी माझ्याच मसुद्यातली पडताळणी करून बघत होतो, तेवढ्यात बाहेर ट्रकांची रांग लागली आणि एका चालकानं खिडकीतून वाकून माझी पडताळणी केली. ती इथे लिहिता येणार नाही. वाक्यं अजून लांबतात. बायको ती मोठ्यानं वाचते आणि जिथे तिला श्वास घ्यावा लागतो तिथे मी पूर्णविराम देतो. वाय-फायचा पासवर्ड बदललाय. तो मला आठवत नाही, तिला विचारावा लागतो.

बाबा त्यांच्याच घरी राहतात. जिना हळू उतरतात, कारण छातीतल्या यंत्राचा त्यांना अभिमान आहे आणि ते धक्का लागू देत नाहीत. रविवारी मी सलूनमध्ये जाऊन त्यांच्याशेजारी बसतो. पहिले काही रविवार मी आत शिरलो की सलूनवाला आणि बाबा बोलणं थांबवायचे. मी विचारत नसे. परवा मात्र थांबले नाहीत. वळणावर मोठी गाडी कशी घ्यावी यावर चाललं होतं. मला त्यातलं काही कळत नव्हतं, तरी मी माझं मत दिलं, आणि दोघांनी मिळून ते खोडून काढलं.